वावेल कॅथेड्रलमधले राजे, कवी आणि सेनानी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडमधल्या क्राकुफ शहरात गेलेला मराठी माणूस वावेलच्या टेकडीवर चढतोच. वर राजवाडा बघतो, फोटो काढतो, मग शेजारच्या कॅथेड्रलमध्ये शिरतो आणि तळघरात उतरल्यावर त्याच्या लक्षात येते की आपण शवपेट्यांच्या रांगेतून चाललो आहोत. राजे आहेत, राण्या आहेत, लहान राजपुत्र आहेत, आणि मध्येच दोन कवी. बाहेर आल्यावर जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण गोष्टच तशी आहे.

वावेल म्हणजे नक्की काय? किल्ला, राजवाडा की चर्च?

वावेल हे विस्तुला नदीकाठच्या टेकडीचे नाव. टेकडीवर तटबंदी आहे, राजवाडा आहे आणि कॅथेड्रलही आहे. क्राकुफ ही पोलंडची जुनी राजधानी, म्हणून राजाचे घर आणि बिशपचे आसन दोन्ही एकाच टेकडीवर आले. आजचे कॅथेड्रल तिथले तिसरे. 1320 साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि 1364 मध्ये ते पूर्ण होऊन त्याचा विधिवत अभिषेक झाला. त्याआधीच्या दुसऱ्या कॅथेड्रलचा एक तुकडा अजून जमिनीखाली शाबूत आहे. तो म्हणजे संत लिओनार्डचे तळघर: जाड खांब, बुटक्या कमानी, थंडगार दगड. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेल्या कारोल वोयतिवा यांनी धर्मगुरू झाल्यावरचा पहिला मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य प्रार्थनाविधी) 2 नोव्हेंबर 1946 रोजी याच तळघरात केला.

ही नावे उच्चारायची कशी?

पोलिश लिपीत एल अक्षरावर तिरकी रेघ असली की त्याचा उच्चार ‘व’ होतो. म्हणून इंग्रजी पुस्तकातला व्लादिस्लाव इथे ‘व्वादिस्वाव’ होतो आणि पिल्सुडस्कीचा ‘पिवसुद्स्की’. या पानावर शक्य तिथे पोलिश उच्चार ठेवला आहे.

देवाच्या घरात प्रेते कशी पुरतात?

हा प्रश्न आपल्याकडचे लोक हमखास विचारतात, बहुधा दबक्या आवाजात. एकीकडे मढे म्हटले की विटाळ आठवतो, पण दुसरीकडे आपल्यालाही हे अगदीच परके नाही. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीभोवतीच देऊळ उभे आहे. जुन्या गोव्याच्या बाँ जेझू बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियरचे शरीर चांदीच्या पेटीत ठेवले आहे.

कॅथलिक श्रद्धेनुसार मेलेला माणूस शेवटच्या दिवसाची वाट पाहत असतो. ती वाट एखाद्या संताच्या शेजारी, रोज मिस्सा होणाऱ्या वेदीजवळ पाहायला मिळाली तर त्याहून चांगले काय? वावेलमध्ये तो संत म्हणजे स्तानिस्वाव. हा क्राकुफचा बिशप. राजा बोलेस्वाव दुसरा याच्याशी त्याचे बिनसले आणि 1079 साली राजाने त्याला ठार मारवले. त्याच्या शरीराचे तुकडे तुकडे केले आणि ते आपोआप पुन्हा जुळले, अशी आख्यायिका आहे. 1253 मध्ये त्याला संतपद मिळाले. पोलंड तेव्हा अनेक छोट्या संस्थानांत फुटलेला होता, त्यामुळे तुकडे जुळण्याची गोष्ट लोकांनी देशालाही लावली. कॅथेड्रलच्या मधोमध त्याची चांदीची शवपेटी आहे. ती 17व्या शतकात ग्दान्स्कच्या सोनाराने घडवली. राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी होणारा राजा टेकडीवरून चालत स्काउका या चर्चला जायचा. बिशपचा खून तिथे झाला असे मानतात. पूर्वीच्या एका राजाने केलेल्या हत्येचे प्रायश्चित्त प्रत्येक नव्या राजाने घ्यायचे, अशी ही रीत होती. आणि ज्या संताला राजाने मारले त्याच्याच भोवती पुढचे राजे पुरले गेले.

इथे किती राजे आहेत?

1333 ते 1734 या चारशे वर्षांत सोळा राज्यकर्ते इथे पुरले गेले. त्यात राज्य करणाऱ्या दोन स्त्रिया धरल्या आहेत: यादविगा आणि आन्ना यागिएवोन्का. शिवाय राण्या, मुले आणि क्राकुफचे बिशप वेगळे.

पहिला आला व्वादिस्वाव वोकिएतेक. ‘वोकिएच’ म्हणजे कोपर, आणि लांबी मोजायचे मापही, आपल्या ‘हाता’सारखे. म्हणजे हा हातभर उंचीचा राजा. याच बुटक्या माणसाने फुटलेला देश पुन्हा जुळवला आणि 1320 साली वावेलवर स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. 1333 मध्ये तो वारला. त्याची कबर मुलाने, म्हणजे काझिमिएश थोरल्याने, बांधून घेतली.

मग इथे कोण नाहीत?

बरेच. व्वादिस्वाव तिसरा 1444 साली वार्ना इथे तुर्कांशी लढताना पडला तेव्हा विशीत होता. त्याचा मृतदेह सापडलाच नाही. कॅथेड्रलमध्ये त्याचे सुंदर दगडी थडगे दिसते, पण ते 20व्या शतकाच्या सुरुवातीचे आणि रिकामे आहे. राजा अलेक्सांदर यागिएवोन्चिक व्हिल्नियसमध्ये, म्हणजे लिथुआनियाच्या राजधानीत आहे. पोलंडचे सिंहासन सोडून रातोरात फ्रान्सला पळालेला हेन्री अर्थातच फ्रान्समध्ये. राणी बोना स्फोर्झा इटलीत बारीला. शेवटचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोवस्की 1798 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये वारला. देश बुडवणारा म्हणून त्याच्यावर राग इतका, की 1938 साली त्याची पेटी परत आली तेव्हा ती वावेलला नेली नाही, दूरच्या एका गावातल्या चर्चमध्ये ठेवून दिली. 1995 मध्ये त्याला वॉर्सातल्या संत योहानच्या कॅथेड्रलमध्ये जागा मिळाली. वावेल नाहीच.

वर कॅथेड्रलमध्ये दगडी थडगी आहेत आणि खाली धातूच्या पेट्या. फरक काय?

काळाचा. जुन्या राजांची थडगी वर, चर्चच्या जमिनीवर आहेत: दगडी पेटी, तिच्यावर निजलेला राजा आणि डोक्यावर दगडी छत्री. पुढे 16व्या शतकात राजघराण्यांनी स्वतःची चॅपेले, म्हणजे चर्चला जोडलेली छोटी प्रार्थनामंदिरे, बांधली आणि त्यांच्याखाली तळघरे खोदली. मृतदेह खाली जाऊ लागले, वर उरले शिल्प. खालच्या पेट्या कथील आणि तांब्याच्या. तळघरांतला दमटपणा धातूला मानवत नाही, त्यामुळे त्यांची डागडुजी सतत चालू असते. ही तळघरे एकमेकांना जोडून चालायचा मार्ग केला तो 19व्या शतकात. त्याआधी ती सुटी सुटी होती.

एकच थडगे नीट बघायचे असेल तर कोणते?

बहुतेक मार्गदर्शक झिग्मुंट चॅपेलचे नाव घेतील. त्यांचे चुकत नाही. राजा झिग्मुंट पहिला याची राणी बार्बारा झापोल्या 1515 मध्ये गेली, आणि त्यानंतर राजाने फ्लॉरेन्सकडच्या बार्तोलोमेओ बेरेच्ची या कारागिराला बोलावून हे चॅपेल बांधवले. काम 1519 ते 1533 चालले. बाहेरून सोन्याचा घुमट, आत लाल संगमरवरात कोपरावर रेललेले बाप-लेक, झिग्मुंट पहिला आणि झिग्मुंट आउगुस्त, जणू दुपारची डुलकी काढताहेत. खाली आन्ना यागिएवोन्का. इटलीबाहेर इतके शुद्ध इटालियन काम त्या काळात क्वचितच सापडते.

पण माझे मत विचाराल तर पश्चिमेच्या दाराशी असलेल्या पवित्र क्रूसाच्या चॅपेलात जा. तिथे काझिमिएश यागिएवोन्चिकचे थडगे आहे. 1492 साली राजा वारला तेव्हा ते फाइट श्टॉस या जर्मन शिल्पकाराने घडवले. पोलिश लोक त्याला वित स्त्वोश म्हणतात. दगड लाल, पांढरे डाग असलेला. राजा निजलेला नाही, मरतो आहे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, आत गेलेले गाल, दगडातच असलेल्या शिरा. झिग्मुंट चॅपेलमधले राजे देखणे आहेत. हा राजा खरा वाटतो.

या काझिमिएशच्या कबरीला शाप आहे, हे खरे का?

1973 च्या एप्रिलमध्ये तज्ज्ञांनी ही कबर उघडली. त्यासाठी क्राकुफच्या आर्चबिशपची परवानगी होती, आणि ते आर्चबिशप म्हणजे कार्डिनल वोयतिवा, पाच वर्षांनी पोप झालेले. त्यानंतर काही वर्षांत या कामाशी संबंध आलेले अनेक जण वारले. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या कबरीच्या शापाची आठवण सगळ्यांना होतीच, वर्तमानपत्रांना आणखी काय हवे?

कबरीतल्या नमुन्यांत आस्परजिलस फ्लाव्हस ही बुरशी सापडली. हीच बुरशी ओल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना आणि तेलवाल्यांना हे नाव चांगले माहीत आहे. बंद कबरीत शतकानुशतके साठलेली बुरशी एकदम श्वासात गेली तर फुप्फुसांना धोका असतो, हे शास्त्राला धरून आहे. पण ते मृत्यू त्या बुरशीनेच झाले असे सिद्ध झालेले नाही. म्हणून शाप म्हणू नका, आणि निव्वळ थापही म्हणू नका.

काझिमिएश थोरल्याची दोनदा अंत्ययात्रा निघाली म्हणतात. ती कशी?

1370 साली तो वारला, तेव्हा पहिली. दुसरी 1869 मध्ये.

थडग्याची दुरुस्ती चालू असताना दगड निखळला आणि आतला सांगाडा उघडा पडला. डोक्यावर मुकुट, शेजारी राजदंड आणि सत्तेचे चिन्ह असलेला गोल, पायाशी घोडेस्वाराचे टाचेचे काटे. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हताच. 1795 मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने त्याचा शेवटचा तुकडा वाटून घेतला होता आणि क्राकुफ ऑस्ट्रियाच्या वाट्याला होते. अशा वेळी देशाला सुवर्णकाळ दाखवलेला राजा अचानक बाहेर आला! ज्याच्याबद्दल म्हण आहे की त्याला लाकडाचा पोलंड मिळाला आणि त्याने दगडाचा मागे ठेवला, तोच हा. चित्रकार यान मातेइको धावत आला आणि त्याने हाडांची रेखाटने केली. 8 जुलै 1869 रोजी राजाला पुन्हा थडग्यात ठेवले, ते पूर्ण राजेशाही थाटात. शहर रस्त्यावर उतरले. परक्या राज्यात देशाच्या नावाने सभा घेणे, मोर्चा काढणे सोपे नव्हते. पण पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या अंत्ययात्रेला जाऊ नका असे कोण म्हणणार?

वावेलची पुढची गोष्ट या एका दिवसात आहे. त्यानंतर इथे आलेली प्रत्येक पेटी मेलेल्यासाठी जितकी होती, तितकीच चालत मागे येणाऱ्यांसाठी होती.

राणी यादविगाला ‘राजा’ का म्हणतात?

कारण 1384 साली तिचा राज्याभिषेक राणी म्हणून झाला नाही, राजा म्हणून झाला. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. पुढे लिथुआनियाच्या यागिएवोशी तिचे लग्न झाले आणि दोन देश एकत्र आले. 1399 च्या जुलैमध्ये बाळंतपणात आधी मुलगी गेली, चार दिवसांनी ती. वय पंचविशीचे. आपले दागिने तिने क्राकुफच्या मोडकळीला आलेल्या विद्यापीठासाठी ठेवले. आजचे यागिएवोन्स्की विद्यापीठ त्यातूनच पुन्हा उभे राहिले.

तिची कबर 19व्या शतकात उघडली तेव्हा राजदंड आणि गोल सापडले ते लाकडाचे, वर सोनेरी मुलामा. खरे सोने गेले होते विद्यार्थ्यांकडे. त्या लाकडी वस्तू कॅथेड्रलमध्येच बघायला मिळतात. पांढऱ्या संगमरवराचे तिचे थडगे मात्र 1902 चे, आणि अस्थी आता त्यात नाहीत. 1987 मध्ये त्या काळ्या क्रूसाच्या वेदीखाली हलवल्या. त्या क्रूसावरचा ख्रिस्त तिच्याशी बोलला अशी श्रद्धा आहे. 1997 मध्ये तिला संतपद मिळाले. रिकाम्या थडग्यासमोर हात जोडणाऱ्यांना अस्थी तिथे नाहीत हे सांगायला कोणी नसते.

राजाची अंत्ययात्रा कशी असायची?

मृत राजाचा पोशाख आणि चिलखत घालून एक स्वार मिरवणुकीत चालायचा. चर्चमध्ये आल्यावर तो घोड्यावरून धाडकन खाली पडायचा. राजदंड मोडायचे, निशाणे फाडायची, शिक्के फोडायचे. राजा संपला, त्याची सत्ता संपली, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे.

पुढे पोलंडचे राजे निवडून येऊ लागले तेव्हा आणखी एक रीत पडली. आधी जुन्या राजाला पुरायचे, मग नव्याला मुकुट घालायचा, आणि दोन्ही कामे वावेललाच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दरबार वॉर्साला गेला होता, तरी हे बदलले नाही. म्हणून राजांची प्रेते महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे थांबून राहायची. यान सोबिएस्की निवडून आला 1674 च्या मे महिन्यात. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच्या पंधरा-सोळा दिवस आधी. पण सोबिएस्कीच्या डोक्यावर मुकुट चढायला फेब्रुवारी 1676 उजाडला, आणि त्याच्या दोन दिवस आधी त्याच्या अगोदरच्या दोन राजांना एकदमच पुरले: यान काझिमिएश आणि मिखाव कोरिबुत.

सोबिएस्कीचे स्वतःचे काय झाले? 1683 साली व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा फोडणारा हा माणूस 1696 मध्ये वारला आणि त्याचा मृतदेह वॉर्साच्या एका मठात सदतीस वर्षे पडून राहिला. त्याच्यानंतरचा राजा आउगुस्त दुसरा मेल्यावर 1734 च्या जानेवारीत दोघांची एकत्र अंत्ययात्रा निघाली. त्यानंतर दोन दिवसांनी आउगुस्त तिसऱ्याचा राज्याभिषेक झाला, आणि वावेलवरचा तो शेवटचा.

राजांची हृदये वेगळी का पुरली आहेत?

मृतदेह लांब न्यायचा तर तो टिकवण्यासाठी आतले अवयव काढावे लागत. हृदय मात्र फेकून कसे द्यायचे? मग ते एखाद्या आवडत्या किंवा मृत्यूच्या जागी ठेवायचे. व्वादिस्वाव चौथ्याचे हृदय व्हिल्नियसला, यान काझिमिएशचे पॅरिसला, सोबिएस्कीचे वॉर्साला, आउगुस्त दुसऱ्याचे जर्मनीत ड्रेस्डेनला. हा आउगुस्त बायकांच्या बाबतीत फार रंगेल, म्हणून ड्रेस्डेनवाले सांगतात की देखणी मुलगी जवळून गेली की त्या कुपीतले हृदय अजून धडधडते.

राजे गेले तरी प्रथा राहिली. 20व्या शतकात स्वतंत्र झालेल्या पोलंडचा नेता मार्शल योझेफ पिवसुद्स्की याचे शरीर वावेलला आहे आणि हृदय व्हिल्नियसच्या स्मशानात त्याच्या आईच्या कबरीत. 2005 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे गेले तेव्हा त्यांचे हृदय तरी वावेलला यावे अशी अनेक पोलिश लोकांची इच्छा होती. पण तसे झाले नाही.

राजा नसलेला पहिला कोण?

बिशप सोडले तर सेनानी. योझेफ पोन्यातोवस्की हा शेवटच्या राजाचा पुतण्या, नेपोलियनचा मार्शल. 1813 मध्ये लाइपझिगच्या लढाईत जखमी अवस्थेत नदी ओलांडताना बुडाला. 1817 साली तो वावेलला आला. पुढच्याच वर्षी तादेउश कोश्च्युश्को आला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला आणि 1794 च्या उठावाचा नेता, स्वित्झर्लंडमध्ये वारलेला. क्राकुफ तेव्हा स्वतंत्र नगर म्हणून कसेबसे टिकून होते आणि रशियाच्या झारची संमती घ्यावी लागली. ज्याच्याविरुद्ध लढले त्याच्याच परवानगीने पुरले! कोश्च्युश्कोसाठी लोकांनी शहराबाहेर मातीचा डोंगरही उभारला. तोही बघा, वरून सगळे शहर दिसते.

राजांच्या तळघरात कवी काय करताहेत?

देश नसताना भाषा होती. ती ज्यांनी सांभाळली त्यांना लोकांनी राजांच्या पंक्तीत बसवले.

आदाम मित्सकिएविच 1855 मध्ये इस्तंबूलला वारला आणि पॅरिसजवळ पुरला गेला. 1890 साली त्याची पेटी क्राकुफला आणली. युलिउश स्वोवात्स्की हा त्याचा प्रतिस्पर्धी. जिवंतपणी दोघांचे फारसे पटले नाही. तो 1849 मध्ये पॅरिसमध्ये गेला, चाळिशीही न गाठता. 1909 साली त्याला वावेलला आणायचे ठरत होते, पण क्राकुफचे बिशप कार्डिनल पुझिना यांनी साफ नकार दिला. देश स्वतंत्र झाल्यावर 1927 मध्ये मार्शल पिवसुद्स्कीने ते घडवून आणले. पेटी फ्रान्सहून समुद्रमार्गे आली आणि मग विस्तुला नदीतून वर गेली ती ‘मित्सकिएविच’ नावाच्या बोटीतून. हा योगायोग कोणाला सुचला नसता. पेटी खाली नेताना पिवसुद्स्की म्हणाला की हा राजांच्या तोडीचा होता. आता दोघे एकाच दालनात, शेजारी शेजारी आहेत.

तिसरा कवी त्सिप्रियान नोर्विद. तो इतक्या गरिबीत गेला की त्याची हाडे सामाईक कबरीत मिसळून गेली. 2001 साली त्या कबरीतली माती कलशात भरून आणली.

पिवसुद्स्कीवरून भांडण झाले होते ते काय?

मोठे झाले. 12 मे 1935 रोजी तो वारला. वॉर्साहून क्राकुफपर्यंत शवपेटी उघड्या रेल्वेच्या डब्यावर, दिव्यांच्या उजेडात नेली. रुळांच्या दोन्ही बाजूंना गावेच्या गावे उभी होती. संत लिओनार्डच्या तळघरात त्याला ठेवले. पुढे दर्शनाची रीघ थांबेना. आर्चबिशप आदाम सापिएहा यांना राजांच्या तळघरात सतत चाललेली ही गर्दी नको होती. जून 1937 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा विरोध असताना त्यांनी एका रात्री पेटी चांदीच्या घंटांच्या मनोऱ्याखालच्या तळघरात हलवली. देशभर गदारोळ झाला, सरकारने राजीनामा देऊ केला. पेटी मात्र हलली नाही. आजही तिथेच आहे.

त्या तळघराच्या दारावरचा मंडप नक्की बघा. त्याला वापरलेला दगड आणि धातू पोलंडचे तुकडे करणाऱ्या तिघांकडून आलेला आहे: वॉर्सात पाडलेल्या रशियन चर्चचे खांब, पोझनानमधल्या बिस्मार्कच्या पुतळ्याचा ग्रॅनाइट आणि ऑस्ट्रियन तोफांचे कांसे. वर लॅटिनमध्ये लिहिले आहे की शरीरे झोपली आहेत, आत्मे जागे आहेत.

कोणाला पुरायचे हे कोण ठरवते?

वरच्या दोन गोष्टींवरून कळले असेल: चर्च. कॅथेड्रल चर्चचे आहे, सरकारचे नाही, त्यामुळे शेवटचा शब्द क्राकुफच्या आर्चबिशपचा.

राष्ट्राध्यक्ष काचिंस्कींच्या वेळी लोकांनी निदर्शने का केली?

10 एप्रिल 2010 रोजी रशियातल्या स्मोलेन्स्कजवळ विमान कोसळून राष्ट्राध्यक्ष लेख काचिंस्की, त्यांच्या पत्नी मारिया आणि आणखी 94 जण ठार झाले. शोक सगळ्यांनाच होता. पण क्राकुफचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल जिविश यांनी दोघांना वावेलला पुरण्याचे जाहीर केले आणि क्राकुफमध्ये लोक बिशपच्या वाड्यासमोर जमून ओरडू लागले. अपघातात गेल्याने माणूस राजांच्या तोडीचा होतो का, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरी बाजू म्हणत होती की देशाच्या कामावर असताना गेलेला राष्ट्राध्यक्ष इथे नाही तर कुठे जाणार? 18 एप्रिलला अंत्यविधी झाला. आइसलँडच्या ज्वालामुखीची राख त्याच सुमारास युरोपच्या आकाशात पसरली होती, त्यामुळे अनेक देशांचे प्रमुख येऊच शकले नाहीत. पिवसुद्स्कीच्या तळघराशेजारी त्यांची फिकट मधाच्या रंगाची शवपेटी आहे. तिच्यासमोर अजूनही ताजी फुले असतात, आणि या विषयावर टॅक्सीत गप्पा सुरू केल्या तर उतरेपर्यंत वाद संपत नाही.

इथल्या एखाद्या माणसाचा महाराष्ट्राशी संबंध आहे का?

आहे, आणि तो कोल्हापूरमार्गे आहे. जनरल व्वादिस्वाव सिकोर्स्की दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये असलेल्या निर्वासित पोलिश सरकारचे पंतप्रधान होते. सोव्हिएत रशियाने लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले होते. 1941 च्या जुलैमध्ये सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत माइस्की यांच्यात करार झाला आणि हद्दपार झालेल्यांतल्या अनेकांना सुटता आले. इराणमार्गे बाहेर पडलेल्यांतले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुले, 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले. त्यांच्या शाळा, चर्च, दुकाने तिथे होती. 1948 पर्यंत ती वस्ती टिकली. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात त्यांची आठवण म्हणून स्तंभ आहे.

सिकोर्स्की स्वतः 4 जुलै 1943 रोजी जिब्राल्टरहून विमानाने उडाले आणि काही सेकंदांतच विमान समुद्रात कोसळले. इंग्लंडमधल्या न्यूआर्कच्या स्मशानात, पोलिश वैमानिकांच्या शेजारी त्यांना पुरले. वावेलला आणले ते साम्यवादी राजवट गेल्यावर, 17 सप्टेंबर 1993 ला. 1939 मध्ये सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये घुसले तीच ही तारीख. घातपाताच्या शंका संपेनात, म्हणून 2008 मध्ये कबर पुन्हा उघडून तपासणी केली. जखमा विमान अपघातात होतात तशाच निघाल्या. गोळी किंवा विषाचा पुरावा सापडला नाही.

वावेलला शिवाचे ‘चक्र’ आहे म्हणे?

ते कॅथेड्रलमध्ये नाही, राजवाड्याच्या अंगणात एका कोपऱ्यात आहे असे सांगतात. शिवाने सात दिशांना सात दगड फेकले आणि त्यातला एक इथे पडला, अशी ती कथा. लोक तिथल्या भिंतीला पाठ टेकून उभे राहतात, आणि वाड्याच्या व्यवस्थापनाला ते आवडत नाही. ऐतिहासिक आधार काहीही नाही. तरी आपल्यापैकी कोणी न टेकता परत आला असेल, तर सांगा.

दारावर टांगलेली हाडे कोणाची?

राजाची नाहीत. ती प्राचीन मोठ्या प्राण्यांची हाडे आहेत, पण क्राकुफमध्ये ती वावेलच्या गुहेतल्या ड्रॅगनची म्हणून प्रसिद्ध आहेत. ती पडली की जग बुडेल म्हणतात. साखळी भक्कम आहे.

जाताना काय लक्षात ठेवायचे?

राजवाड्याचे तिकीट कॅथेड्रलमध्ये चालत नाही. तळघरे, झिग्मुंटची घंटा आणि कॅथेड्रलचे संग्रहालय यांचे तिकीट वेगळे, ते समोरच्या खिडकीवर मिळते. रविवारी सकाळी मिस्सा असतो, तेव्हा पर्यटकांना सोडत नाहीत. आत फोटो काढायला बंदी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. तळघरातल्या पायऱ्या अरुंद आणि खोल आहेत, आजी-आजोबा बरोबर असतील तर विचार करा. उन्हाळ्यातही खाली गारवा असतो.

घंटेच्या मनोऱ्यावर लाकडी जिना आहे. घंटा 1520 साली ओतलेली, साडेबारा टनांच्या आसपास वजनाची. ती हलवायला बारा माणसे लागतात आणि मोठे सण किंवा राष्ट्रीय प्रसंग असले तरच वाजते.

आता इथे आणखी कोणाला पुरतील का?

कलावंतांसाठी आता दुसरी सोय झाली आहे. टेकडीच्या पायथ्याजवळच्या संत पीटर आणि पॉल चर्चच्या तळघरात नवे राष्ट्रीय स्मृतिस्थान केले. 2013 मध्ये नाटककार स्वावोमिर म्रोझेक तिथे गेले, 2022 मध्ये संगीतकार क्षिश्तोफ पेंदेरेत्स्की. त्याआधीपासून स्काउका चर्चचे तळघर आहेच, कवी चेस्वाव मिवोश तिथे आहेत. म्हणजे कलावंतांचा प्रश्न सुटला. राजकारण्यांचे काय करायचे हा प्रश्न मात्र पुढच्या आर्चबिशपांसाठी तसाच मोकळा आहे.